अक्षता कुणाकडं राहिल्यात का?

आबा,

तुम्ही गेल्याचा फोन मला आला नाही, आईला आला. मी तुमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडं राहते, सांगलीत विश्रामबागेतच. तरी बातमी आधी शिराळ्याजवळच्या आमच्या गावी गेली आणि तिथून फिरून माझ्याकडं आली. तुमच्या बायकोला, आमच्या काकूंना, त्या घटकेला माझ्या आईची आठवण झाली. आई फोनवर एवढंच म्हणाली, "आबा गेलं. काकू एकटी हाय. तू पायात चप्पल घाल आन नीघ. मी पहिल्या गाडीनं येते."

आता चौकात तुमचा फ्लेक्स लागलाय. वय, गाव, यष्टीतली नोकरी, शोकाकुल कोण कोण, सगळं त्यावर आहे, म्हणून ते मी इथं लिहीत बसत नाही. फोटो चांगला आहे, फक्त तुमचा वाटत नाही. तोंड मिटलेलं आहे.

तुमचा चेहरा मला फार उशिरा दिसला. आधी आला तो आवाज. कॉलेजच्या वर्षांत मी रोज गावाहून सांगलीला यायची, यष्टीचा पास काढून. संध्याकाळी स्टँडवरच्या सिमेंटच्या बाकड्यावर बसलं की डोळे मिटायचे आणि त्या अर्धवट झोपेत तुम्ही गावांची नावं घ्यायचात. आष्टा. मग थांबायचात. पेठ. मग थांबायचात. शिराळा. जणू प्रत्येक गाव डोळ्यांपुढं येऊन उभं राहीपर्यंत तुम्ही पुढच्या गावाला हात लावत नव्हता. बाकीचे कंट्रोलर एका दमात दहा गावं ओकायचे. तुमचं ऐकताना मला झोपेत आमचा ओढा दिसायचा, ओढ्यावरचा पूल दिसायचा, पुलावर कंदील घेऊन उभी असलेली आई दिसायची. जाग यायची ती बरोबर गाडी लागल्यावर. तुमच्यामुळं माझी एकही गाडी चुकली नाही, आबा.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी परत परत सांगते, कुणाला आवडो न आवडो. त्या पदवीतली निम्मी मी वर्गात मिळवली आणि निम्मी तुमच्या फलाटावर.

नंतर नोकरी लागली. एकदा ऑफिसातल्या मैत्रिणीच्या लग्नाला इथल्याच एका हॉलमध्ये गेले. पायऱ्या चढत होते आणि आतून तो आवाज आला. काय बोलताय ते कळलं नाही, पण माझा हात खांद्यावरची पर्स घट्ट धरायला गेला आणि पाय आपोआप भराभर पडायला लागले. गाडी लागली असं वाटलं मला. आत जाऊन बघते तर पांढऱ्या सदऱ्यातला एक उंच म्हातारा माणूस अंतरपाटाशेजारी उभा. हातात पोथी नाही, कागद नाही. नवरीचं तिच्या आजीशी कसं भांडण व्हायचं ते सांगत होतात आणि पहिल्या रांगेतली आजी पदर तोंडाला लावून हसत होती. हॉलमधली माणसं जेवणाची पंगत विसरून ऐकत होती. लग्नात लोकांनी मंडपाकडं तोंड करून ऐकलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

मी त्याच दिवशी तुम्हाला गाठलं. म्हटलं, "आबा, माझं लग्न लावाल का?"

तुम्ही विचारलंत, "नवरा हाय का?"

"आहे. म्हसवडचा आहे. संदीप."

"मग लावू की. नुसत्या नवरीचं मला लावता येत न्हाई."

तुम्ही मानधन घ्यायचात, आधी सांगून घ्यायचात, आणि ते मला आवडलं. उपकार नव्हते, काम होतं. त्या कामाची तुमची रीतही ठरलेली. दोन्ही घरी जायचं, तेही यष्टीनं. पाठवलेल्या गाडीत बसायचं नाही. आणि घरातल्या प्रत्येकाला एकच गोष्ट विचारायची, 'हिला हाक कशी मारता?' त्यातून पुढचं सगळं निघायचं. आयुष्यभर लोकांना हाका मारल्या म्हणून असेल, हाकेवर तुमचा फार विश्वास.

म्हसवडला संदीपच्या वडिलांची गिरण आहे. पट्टा दिवसभर फिरतो, त्यामुळं त्या घरात सगळे ओरडून बोलतात. तुम्ही हळू आवाजात विचारायचात आणि ते गिरणीच्या आवाजात उत्तर द्यायचे. तिथं कळलं की संदीपला घरात सगळे 'पावणं' म्हणतात, कारण तो शिकायला सांगलीला राहायचा आणि घरी यायचा तो बॅग हातात धरूनच. आमचं पहिलं भांडण कशावरून, असंही तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, हा ओरडतो. संदीप म्हणाला, मी कुठं ओरडतो, आमच्याकडं असंच बोलतात, हीच राग आला की तोंड शिवून बसते. तुम्ही मान डोलावलीत. "झाल्या की शपथा," म्हणालात.

आणि मग आमच्या घरी आलात.

तो दिवस मला आता स्वप्नात बघितल्यासारखा दिसतो. उसाला तुरे आले होते. सगळ्या रानावर पांढरं, मऊ काहीतरी तरंगत होतं आणि त्यातून तुम्ही पायी चालत येत होता. आमचे तात्या, म्हणजे माझे चुलते, ओसरीवर तुमची वाटच बघत होते. त्यांना भटजी हवा होता. तुम्ही टेकायच्या आत ते सुरू झाले.

"मला एक सांगा, लगीन लावायला यष्टीचा कंट्रोलर म्हंजे काय? नवरा-नवरी फलाटावर उभी करायची का?"

"व्हय तर," तुम्ही म्हणालात. "आन तात्या, तुमी वेळेवर या. गाडी सुटली तर माझ्या नावानं वरडायचं न्हाई."

तात्यांना हसू दाबता आलं नाही. तिथंच ते निम्मे तुमचे झाले.

तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात पाट घेऊन बसलात. आई चुलीपुढं भाकऱ्या करत होती. मी खांबाला टेकून उभी होते. तुम्ही विचारलंत, "हिला हाक कशी मारता?"

"हाक काय मारायची, अश्वे म्हंते. लय झालं तर टवळे म्हंते."

"आन हिचं वडील?"

आईच्या हातातली भाकरी तव्यावर पडायची राहिली. माझे वडील फौजेत होते, मी सातवीत असताना आजारपणात गेले. तेव्हापासून आई त्यांच्याबद्दल बोलते ती कागदांपुरती, पेन्शनपुरती. तुम्ही घाई केली नाहीत. हातावरच्या भाकरीची कड वाळत चालली तरी तुम्ही पाटावरून हलला नाहीत. शेवटी आई म्हणाली, "साहेब म्हनायचं. रजेवर आलं की ही दारात उभी ऱ्हायची, हात आडवं करून. तर सलाम ठोकून म्हनायचं, साहेब, रजेवर आलोय, आत येऊ का?"

मी ते पार विसरले होते, आबा. दारात उभी असल्याचं आठवत होतं. 'साहेब' हरवलं होतं. आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारलाच नव्हता त्यांच्यानंतर.

तुम्ही मग हळूच विचारलंत, "लग्नात म्होरं येशीला का?" आणि आईनं तव्यावर भाकरी टाकत तुमच्याकडं न बघता सांगितलं, "आवं आबा, मी कशाला? तात्या आन जाऊबाई हायत की. कन्यादान त्येंनी करावं. माझ्या लेकीच्या संसाराला माझा हात नगं." तुम्ही "बरं" म्हणालात आणि ठेचा मागितलात.

बरं! मला त्या 'बरं'चा इतका राग आला. मी तुम्हाला आणलं होतं ते त्याच्याचसाठी. आईनं मला वाढवलं, रानात राबली, भावकीशी भांडून मला कॉलेजात घातलं आणि लग्नात ती मागं भांड्यांजवळ उभी राहणार? हळदीला नाही, ओटीला नाही, मांडवात नाही? म्हणून तर मला ठरीव लग्न नको होतं. आमच्यासाठी बांधलेलं लग्न हवं होतं, ज्यात आई पहिली असेल. तुम्हाला गाडीपर्यंत सोडायला निघाले आणि उसाच्या वाटेवर तुमच्याशी भांडले.

"आबा, तुम्ही मांडवात तिचं नाव घ्या. माईकवरून हाक मारा. एवढ्या लोकांत ती नाही म्हणणार नाही."

"म्हनूनच मारनार न्हाई."

"मी शिकलेली बाई आहे. मी अपशकुन मानत नाही. मला माझ्या लग्नात आई पुढं पाहिजे."

"तुला पायजे. तिला?"

"तिला कळत नाही त्यातलं."

तुम्ही चालायचे थांबलात. अंगावर एक तुरा येऊन बसला होता, तो काढून हातात धरलात. मग मला ती स्टँडवरची गोष्ट सांगितलीत. एक बाई गाठोडं घेऊन पाण्याच्या टाकीमागं बसली होती. तिचा नवरा तुमच्या खिडकीशी आला, तिचं नाव सांगितलं, म्हणाला पुकारा. तुमच्या खिडकीतून ती दिसत होती. तिनं तुमच्याकडं बघून मान हलवली. एवढीच, डावीकडून उजवीकडं. तुम्ही त्याला सांगितलंत, माईक बिघडलाय. तो शोधत दुसऱ्या बाजूला गेला, ती माहेरच्या गाडीत बसली आणि गेली.

"यायचं न्हाई म्हननाऱ्या मानसाचं नाव मी पुकारत न्हाई," तुम्ही म्हणालात. "पुकारलं की मानूस येतं गं. पर ते आपल्या पायानं येत न्हाई."

मी म्हटलं, "आणि सगळ्याच बायका अशा बसून राहिल्या तर कधी पुढं येणार? कुणीतरी ओढावंच लागतं. मला आईनं कॉलेजात ओढूनच घातलं."

"तिनं यष्टीपातुर आनून सोडलं. पायरी चढलीस ती तू."

गाडी आली. भांडण तिथंच राहिलं. नंतर कितीदा तरी ते आपण काढलं आणि अर्ध्यावर ठेवलं. आजही सांगते, माझं चुकलं होतं असं मला वाटत नाही. तुमचं बरोबर होतं म्हणून माझं चूक होत नाही. हे तुमच्या तोंडावर सांगायचं राहिलं होतं.

लग्न गावातल्या शाळेच्या मैदानात झालं. दोन बाजूंना ऊस, डोक्यावर मांडव आणि उन्हात तरंगणारे तुरे. ते मांडवातसुद्धा शिरले होते. बायकांच्या अंबाड्यांवर, फेट्यांवर, बँडवाल्यांच्या ढोलावर पांढरं पांढरं बसलं होतं. आई शाळेच्या व्हरांड्यात, भाताच्या पातेल्यांजवळ. मला अंतरपाटाच्या अलीकडून ती खांबाआड अर्धी दिसत होती. लुगड्याचा हिरवा काठ तेवढा दिसायचा आणि नाहीसा व्हायचा.

सगळ्यांच्या हातात अक्षता वाटून झाल्या. तुम्ही सुरू केलंत. "म्हसवडच्या एका घरात पोराला पावणं म्हणतात," म्हणालात. आणि तुमच्या सवयीनं थांबलात.

आमच्या लोकांना काय माहीत? आमच्याकडं लग्नात बोलणारा थांबला की अक्षता टाकायच्या, जन्मापासून तेच ठाऊक. अख्ख्या मैदानानं अक्षता टाकल्या. बँडवाल्यानं ढोलावर टिपरी मारली. पिपाणी सुरू झाली. संदीप घाबरून हार घालायला निघाला, त्याला त्याच्या मामानं मागं ओढला. तुम्ही हात वर केलात. "थांबा गड्यांनो, अजून गाडी फलाटाला लागली न्हाई."

हशा पिकला. पिपाणी गळा काढत बंद झाली. पोरांनी परात घेऊन पुन्हा अक्षता वाटल्या.

तुम्ही पुढं सांगितलंत, गिरणीचं, ओरडण्याचं, माझ्या गप्प बसण्याचं. संदीपनं शपथ घेतली, "मोठ्यानं बोललो तरी रागानं बोलणार नाही." मी घेतली, "राग आला तर गप्प बसणार नाही." तुम्ही थांबलात. पुन्हा अक्षता! पुन्हा ढोल! पहिल्या रांगेतून तात्यांचा आवाज, "लागलं का लगीन?"

कुणीतरी म्हणालं, "न्हाई अजून."

"मग टाकल्या कशाला रं?"

"तुमीच टाकल्या आदी तात्या."

परात पुन्हा फिरली. या वेळी तळाचं खरवडून. मला रडू यायच्या बेतात होतं आणि हसू आवरत नव्हतं. अंतरपाट धरलेल्या दोघांचे हात भरून आले होते. आणि तुम्ही शांत. जशी सगळी गर्दी तुमच्या ओळखीची आहे, रोज संध्याकाळची आहे.

मग तुम्ही हाका सांगितल्यात. "शाळेच्या दाखल्यावर अश्विनी. आजोळी अशी. आईच्या तोंडी अश्वे, आन राग आला तर टवळे." लोक हसले. तुम्ही वाट बघितलीत हसू विरायची. "वडील हिला साहेब म्हनायचं. आता वडील न्हाईत. हाक हाय."

आणि थांबलात.

उरल्यासुरल्या सगळ्या अक्षता त्या थांबण्यावर पडल्या. पण ढोल वाजला नाही. अंतरपाट अजून मध्येच. लग्न अजून लागायचंच. आणि परात रिकामी, तांदळाची पोती घरात, घर ओढ्यापलीकडं. तुम्ही गर्दीवरून एकवार नजर फिरवलीत आणि स्टँडवर विचारावं तसं विचारलंत, कुणालाही नाही, सगळ्यांना, "अक्षता कुणाकडं राहिल्यात का?"

त्या वेळी किती थांबलात तुम्ही! मला अजून वाटतं, त्या थांबण्यात ऊस वाढला असेल. तुरे हवेत जिथल्या तिथं उभे होते. कुठंतरी म्हैस ओरडली आणि तिचाही आवाज हळूहळू, लांबून लांबून संपला. माझ्या डोळ्यांपुढं तो पूल आला, पुलावरचा कंदील आला. मला वाटलं, मी बाकड्यावर झोपलेय आणि आता तुम्ही गावाचं नाव घ्याल.

तुम्ही कुणाचंच नाव घेतलं नाहीत.

व्हरांड्यातला हिरवा काठ हलला. आई खांबाआडून पुढं आली. तिची उजवी मूठ मिटलेली होती. वाटताना कुणीतरी तिलाही अक्षता दिल्या होत्या, आणि आपल्या हातच्या लेकीवर पडू नयेत म्हणून तिनं त्या टाकल्याच नव्हत्या. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदाही नाही. अख्ख्या मैदानात तेवढ्याच उरल्या होत्या. ती एक पाऊल आली आणि थबकली. माझं तोंड उघडलं होतं हाक मारायला. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. डावीकडून उजवीकडं, एवढीच मान हलवलीत.

मी तोंड मिटलं.

बायका बाजूला झाल्या. कुणी 'ये' म्हणालं नाही आणि कुणी 'नको'ही म्हणालं नाही. ती आली, मांडवात, अंतरपाटापर्यंत. तुम्ही अंतरपाट धरणाऱ्यांना खूण केलीत, कापड खाली गेलं आणि पलीकडं संदीप दिसला, त्याच्या डोळ्यांत पाणी. आईनं मूठ उघडली. अक्षता पडेनात. इतका वेळ घामेजल्या मुठीत राहून तांदूळ तळहाताला चिकटले होते, तळहात कुंकवानं लाल झाला होता. मग तिनं दुसऱ्या हातानं ते खरवडले, आमच्या डोक्यांवर हात धरून, एकेक दाणा. म्हणजे अक्षता टाकायच्या म्हणून तिचे दोन्ही हात आमच्या डोक्यावरून फिरले. "साहेब," ती म्हणाली, मला ऐकू येईल एवढंच, "सुखानं ऱ्हावा."

तुम्ही माईकवर म्हणालात, "लागलं!" आणि तात्या बँडवर ओरडले, "अरं आता वाजवा की, आता का गप?"

जेवताना मी तुम्हाला पकडलं. "आबा, खरं सांगा. मुद्दाम केलंत ना? लोक टाकणार, संपणार, आईची मूठ बंद असणार, सगळं माहीत होतं ना तुम्हाला?"

"न्हाई गं. स्टँडवरची सवय. माईकवर बोललं की आवाज भिंतीवर आपटून माघारी यायचा. तो येईस्तवर थांबायचं, न्हाईतर पुढचं नाव त्यात गुतायचं."

"शाळेच्या मैदानात भिंत कुठली आली? सगळा ऊस आहे."

तुम्ही जिलेबी तोंडात घातलीत आणि कढीकडं बोट दाखवलंत.

मग हा आपला दोघांचा खेळच झाला. काही ठिकाणी नवरीच्या घरी चुलीपर्यंत तुम्हाला जाता यायचं नाही, म्हणून तुम्ही मला बरोबर न्यायला लागलात. यष्टीत खिडकीशी तुम्ही, शेजारी मी. प्रत्येक वेळी विचारायची, मुद्दाम ना? प्रत्येक वेळी तुम्ही भिंतीवर ढकलायचात. एकदा साताऱ्यातल्या लग्नात तुम्ही अगदी पहिल्याच वाक्यात लोकांना सांगितलंत, "मी लय थांबत बोलतो. मी सांगंपातुर अक्षता जपून ठेवा." मी उठून उभीच राहिले. परतीच्या गाडीत म्हटलं, सापडलात! लोकांना आधी सांगायचं तुम्हाला कळतं. तुम्ही म्हणालात, "तुझ्या लग्नात फजिती झाली, तवापासनं शानपन आलं." आता हे शहाणपण माझ्या लग्नानंतर आलं, की आधीपासून होतं आणि माझ्या लग्नात तुम्ही ते खिशात ठेवलंत? मी आईलाही विचारलं. आई म्हणते, मला काय ठावं. काकूंना विचारलं, त्या म्हणाल्या, त्येंच्या पोटात काय असतंय ते मला घरात कळत न्हाई, मांडवात काय कळनार.

माझ्या लग्नानंतर आई कुठल्याही मांडवात मागं उभी राहिली नाही. तुम्हाला भेटायला सांगलीला यायची, मला नाही. मी तक्रार केली की काकू म्हणायच्या, "तू हाईस व्हय, बस की." त्या दोघी तुमच्या ओट्यावर शेंगा फोडत बसायच्या आणि तुम्ही आतून मुद्दाम पुकारायचात, "शिराळा गाडी सुटायच्या तयारीत हाय, प्रवाशांनी शेंगा आवरून घ्याव्यात." आई पोरीसारखी हसायची. तिला असं हसवल्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले. माझी ती पद्धतच नाही, आणि तुम्ही ते ऐकूनही घेतले नसते.

आता खरं सांगायचं ते सांगते.

तुमच्या लेकीचं, रेश्माचं लग्न तुम्हीच लावणार होतात, साताऱ्यात. तारीख तुम्ही धरलेली. काकू म्हणाल्या, त्येंनी धरलेली तारीख हाय, मोडायची न्हाई. रेश्मानं माझा हात धरला, म्हणाली, "ताई, तू लाव. आबांच्या हाका तुलाच माहीत आहेत." मी हो म्हटलं. मग मी पाट घेऊन काकूंपुढं बसले, तुमच्यासारखी, आणि विचारलं, हिला हाक कशी मारता. त्या सांगत होत्या, छान सांगत होत्या. आणि मध्येच म्हणाल्या, "मी मागं ऱ्हाईन हां गं. धाकटी जाऊ करंल सगळं. माझा हात नगं त्यात."

तेच शब्द, आबा. तुमच्या घरात. तुमच्या बायकोच्या तोंडी.

मी उसळले. काय काय बोलायचं ते सगळं तोंडाशी आलं, तुमचं नाव घेऊन बोलायचं, तुम्ही असता तर काय म्हणाला असता ते बोलायचं. शेजारी आई शेंगा निवडत बसली होती. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. काकूंना म्हणाली, "बरं." आणि सूप पुढं ओढलं.

परत जाताना आईला गाडीत बसवायला मी स्टँडवर गेले. तिथं आता नवा आवाज आहे. भराभर गावं सांगतो आणि संपतो. आई खिडकीत बसली. गाडी सुरू झाली होती. तिनं काच सरकवली आणि मला जवळ बोलावलं.

"साताऱ्यात काकूला हाक मारू नगंस."

"बरं."

"आन अक्षता जपून ठेवा म्हनून लोकास्नी सांगू नगंस."

"आई, म्हणजे तुला माहीत होतं? आबांनी तुला सांगितलं होतं का?"

"मला काय ठावं," आई म्हणाली. गाडी फलाट सोडून मागं सरकली, वळली. तिचा तळहात काचेवर टेकलेला दिसत होता, दिसत होता, मग दिसेना.

माझी तयारी झाली आहे, आबा. हाका पाठ आहेत. रेश्माला तुम्ही काय म्हणायचात ते मी सगळ्यात शेवटी घेणार. मग विचारीन, अक्षता कुणाकडं राहिल्यात का. आणि थांबेन. किती थांबायचं, एवढंच तुम्ही कधी सांगितलं नाहीत. आवाज भिंतीवरून माघारी येईस्तोवर, म्हणायचात. साताऱ्याच्या त्या हॉलला भिंती आहेत, मी बघून आले. पण मी भिंतीकडं बघणार नाही. मी मागच्या रांगेतल्या खांबाकडं बघत राहीन, हिरवा असो, पांढरा असो, एखादा काठ हलेपर्यंत.